उसना बाप

१

घरजावयाचा मुडदा मला लसींच्या थंड कपाटात दाखवण्यात आला. बाटल्यांच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, मान मुरगळलेली आणि पोट डाव्या बाजूने टराटरा फाडलेलं.

घरजावई म्हणजे कोंबडा. हे नाव त्याला घरच्या मालकांनी ठेवलं होतं. स्वतंत्र खोलीत राहतो, आयतं खातो, आणि पोरं होतात तीसुद्धा त्याची नाहीत, असा तो विनोद होता. शेवटचा भाग मात्र विनोद नव्हता, अगदी खरा होता. सगळं प्रकरण त्यावरच उभं होतं.

मी कोंबड्यांची डॉक्टर आहे, त्यातही मेलेल्या कोंबड्यांची. जिवंत कोंबडीशी माझं कधी जमलं नाही. ती धावते, ओरडते आणि काही सांगत नाही. मेलेली एका जागी पडून सगळं सांगते. मला इथे एका कंपनीने पाठवलं होतं, कारण या घरातून कंपनी काहीतरी विकत घेणार होती आणि आपण फसलो असं तिला वाटत होतं.

हे घर अंडी उबवून पिल्लं विकतं. धंदा निर्दय आहे आणि धंद्यातलं कोणी तसं बोलत नाही. अंड्यांसाठी पाळायच्या जातीतला नर कोणाच्याच कामाचा नसतो. अंडं देत नाही, अंगावर मांस धरत नाही. म्हणून पिल्लं निघाली की त्याच दिवशी माद्या पेटीत आणि नर दळणाच्या यंत्रात. मालकांची सून जनुकांच्या कामातली. तिने यावर तोड काढली होती. नर गर्भाचं अंडं निळ्या दिव्याखाली हिरवं चमकलं पाहिजे, म्हणजे आत पिल्लू धरायच्या आधीच ते बाजूला काढता येईल.

त्यासाठी तिने बीजपेशी घेतल्या, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे वीर्य बनतं त्या पेशी. त्यांच्या जनुकांत चमकणारा तुकडा नेमक्या जागी बसवला, आईकडून फक्त नरांनाच मिळतो अशा गुणसूत्रावर. मग उबवणीला लावलेल्या एका कोवळ्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून, केसाहून बारीक काचेच्या सुईने, त्या पेशी गर्भाच्या रक्तवाहिनीत सोडल्या. त्या गर्भाच्या स्वतःच्या बीजपेशी आधीच मारलेल्या होत्या. त्या अंड्यातून निघाला तो घरजावई. अंग त्याचं, वीर्य दुसऱ्याचं. दिसायला अगदी साधा पांढरा कोंबडा. पण त्याच्या लेकींनी अंडी घातली, त्यांतले नर तेवढे चमकायला लागले.

कंपनीने सौदा ठरवला आणि खात्रीसाठी कोंबड्याचा नमुना मागितला. या घरात नमुना म्हणजे रक्त. शेडमधल्या कोंबड्यांचं रक्त नेहमीच तपासायला जातं, तसंच मालकांनी याचंही पाठवायला लावलं. निकाल आला: रक्तात बदललेलं जनुक नाही, आणि ज्या लेकी याच्या म्हणून दाखवता त्यांचा हा बापच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं कंपनीच्या साहेबांनी मला ऐकवलं. साहेबांचं कोंबडीचं ज्ञान ताटापुरतं. आड चुकीचा निवडलाय हे मी त्यांना सांगितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कारण सुनेनेही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, हेच सांगितलं होतं. रक्त तपासून काही दिसणार नाही, वीर्य तपासा, मी उद्या काढून देते. तो उद्या उजाडला आणि घरजावई पिंजऱ्यात फाटून पडला होता. गोठवून ठेवलेल्या बीजपेशी तिने दाखवल्या, तर त्याही कुठून तरी चोरलेल्या असतील, असं साहेब म्हणाले.

आता दोनच शक्यता होत्या. सून खोटी होती आणि तिनेच पुरावा मारला, किंवा सून खरी होती आणि दुसऱ्या कोणी मारला. मालकांनी पहिली केव्हाच निवडून टाकली होती. कपाटाला कुलूप लावत ते मला म्हणाले, "खोटी निघाली की बाईने आपली बॅग उचलायची आणि चालू लागायचं. नात इथेच राहील. ना नोकरी, ना नाव, अशा बाईला कोर्ट पोरगी देत नाही. मी वकिलाला विचारून ठेवलंय."

२

मुडदा मी लगेच उघडला नाही. मेलेला कुठे पळत नाही. जिवंत माणसं मात्र एकमेकांशी बोलून जुळवून घेतात. म्हणून आधी माणसं.

घरात मोठी माणसं चार. मालक, त्यांचा मुलगा, सून, आणि मालकांची बिनलग्नाची लेक. म्हणजे सुनेची नणंद. पाचवी ती नात, दात पडायच्या वयाची. चौघांकडेही कोंबड्याच्या खोलीची किल्ली होती. खोली उघडून कोण गेलं हे विचारण्यात अर्थ नव्हता.

मालकांना आपले हात दाखवायला आवडतं. तळवे फावड्यासारखे रुंद, बोटं अजून सरळ. तरुणपणी, पोरं व्हायच्या आधी, ते गावोगाव फिरून कोंबडे खच्ची करायचे. त्याचं वर्णन त्यांनी माझा चहा थंड होईपर्यंत केलं. बरगड्यांमध्ये एका बाजूने बारीक चीर, मग कोंबडा पालथा करून दुसऱ्या बाजूने. दोन्ही गोळे अख्खे बाहेर यायला हवेत, चिमूटभर जरी आत राहिला तरी कोंबडा पुन्हा आरवतो. "माझा एकही आरवला नाही," ते म्हणाले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी फार कमी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

सुनेबद्दल त्यांचा राग जुना होता. तिला मुलगा झाला नाही. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं आणि कोंबड्यांत आईकडून. या घरात दोन्हीकडे दोष सुनेचाच होता. पण नात म्हणजे त्यांचा जीव. ती जाणार असेल तर असले दहा घरजावई त्यांनी हाताने मुरगळले असते, आणि तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलंही.

"मग मुरगळला का?" मी विचारलं.

"मी मारला असता तर खाऊन टाकला असता," मालक म्हणाले. "कपाटात कशाला ठेवू?"

मुलगा हिशेब बघतो. शेडच्या दारातून आत येत नाही, कारण त्याला रक्त बघवत नाही. मी माझी कात्री टेबलावर ठेवली तेवढ्यानेच तो खिडकीकडे बघायला लागला. कात्री धुतलेली होती. बायको खोटं बोलत असेल असं वाटतं का, असं मी विचारलं. नाही वाटत, म्हणाला. मग वडिलांना तसं सांगितलं का? तर म्हणाला, आमच्या घरात बायकोची बाजू कोणी घेत नाही, मी घेतली तर वेगळं दिसेल. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. अशा माणसांमुळे जगात जेवढा छळ होतो तेवढा दुष्टांमुळे होत नाही.

जाता जाता तो एक कामाचं बोलला. सौद्यात एक अट होती. सुनेने कंपनीच्या गावी जाऊन पुढचं काम करायचं, लेकीला घेऊन. हा इथेच राहणार होता.

३

नणंद मला शेडमध्ये भेटली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या लांबच लांब शेड ती एकटी सांभाळते. तिथे सगळ्या माद्याच. मालकांच्या उबवणीतून नर बाद होऊन फक्त माद्याच तिच्याकडे येतात, आणि अंडी आटली की खाटकाच्या गाडीत जातात. अंगाने काटक, आवाज खाली, केसांत भुसा. तिच्या मागे मागे भाची हिंडत होती. तिचे केस आत्याने विंचरलेले, घास आत्याने भरवलेला, झोपणंही आत्याच्याच कुशीत. सून दिवसभर सुया घेऊन बसायची, तेव्हा पोर वाढवली कोणी हे विचारायची गरज नव्हती.

त्या सकाळी एक कोंबडी मेली होती. नणंदेने माझ्यासमोर ती उघडली. मी आयुष्यभर हेच काम केलंय, तरी मान्य करावं लागेल, हात सुरेख होता. कोंबडी उताणी, कात्री डावीकडून बरगडीखाली, दोन बोटं आत, आणि पिवळ्या बलकांचा घोस अलगद बाहेर. अंडं आत फुटून पोटात पू झाला होता. तिने मला दाखवलं, भाचीला दाखवलं, आणि कोंबडी बादलीत टाकली. भाचीने बादलीत डोकावून पाहिलं आणि नाक दाबलं.

घरजावयाबद्दल तिला फारसं बोलायचं नव्हतं. त्याचं रक्त तिनेच काढलं होतं, वडिलांनी सांगितलं म्हणून. त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. वहिनी खोटारडी असेल का, यावर ती म्हणाली, वहिनी हुशार आहे, हुशार माणसाचं काही सांगता येत नाही.

"पोरगी गेली तर?" मी विचारलं.

"जाईल तेव्हा बघू," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. फार वेळ धूत राहिली.

सून मला मुळीच आवडली नाही. घरावर एवढं आभाळ कोसळलेलं, आणि ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अंड्याच्या खिडकीतून रक्तवाहिनी शोधत होती. मी समोर बसले तरी तिने सुई खाली ठेवली नाही. रक्ताचा बारीक धागा, त्यात शिरलेलं काचेचं टोक, एक हलकी फुंकर, आणि वाहिनी क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल. मग खिडकीवर पट्टी. आत गर्भाचं हृदय टिचभर उडत होतं.

रडलात का, असं मी मुद्दाम विचारलं. रडलं की हात थरथरतो, म्हणाली. कोंबड्याचं वाईट वाटलं का? तो डबा होता, म्हणाली, आतला माल महत्त्वाचा. मुडदा एकदा बघू द्या म्हणून तिने मालकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते, पण तू पुरावा बिघडवशील म्हणून त्यांनी कुलूप लावलं.

"पोरगी आत्याला सोडून राहील?"

"सवय आहे. मोडेल." तिने पुढचं अंडं उचललं. "मुलगी माझी आहे, डॉक्टरबाई. मी तिला घेऊन जाणार. हे लोक मला चोर ठरवू देत, वेडी ठरवू देत, मी मुलगी इथे ठेवणार नाही."

एवढं बोलताना मात्र सुईचं टोक हललं, आणि ते अंडं तिने गपचूप बादलीत टाकलं.

४

घरजावई मी दुसऱ्या दिवशी उघडला. मालकांनी किल्ली दिली आणि दाराशी उभे राहिले.

फाडणाऱ्याने घाई केली होती. डाव्या बाजूची चीर वेडीवाकडी, आतडी बाहेर ओढलेली, यकृत चिरडलेलं. डावा वृषण मुळासकट गेला होता. तो चोरण्यासाठीच हा सगळा उद्योग होता, कारण कोंबड्यात वीर्य तिथेच बनतं. पुरावा असलाच तर तिथे. नुसता राग काढायचा असता तर मान मुरगळून भागलं असतं.

मी आतड्यांचा गुंता बाजूला केला आणि हात थांबला.

पाठीच्या कण्याच्या पलीकडे, उजव्या बाजूला, दुसरा वृषण जागच्या जागी होता. घट्ट, दुधी रंगाचा, भुईमुगाच्या जाड शेंगेएवढा. त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं. थंडीत ठेवल्यामुळे तो ताजा होता.

मी तो काढला, दोन तुकडे केले, एक कंपनीला आणि एक माझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवला. मालकांकडे मी पाठ करून उभी होते. त्यांना काही दिसलं नाही आणि मी काही बोलले नाही. घरी जाऊन मी निकालाची वाट बघत बसले. त्या दिवसांत मला एकच गोष्ट सारखी खटकत होती. पुरावा चोरायला आलेला माणूस अर्धा पुरावा मागे का ठेवेल?

५

निकाल घेऊन मी परत आले आणि सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. नातीला बाहेर खेळायला पाठवलं. टेबलाच्या मधोमध मी औषधाच्या पाण्यात ठेवलेला एक कोंबड्याचा वृषण मांडला. खरा तर प्रयोगशाळेत संपला होता. हा मी खाटकाकडून आणलेला, पण त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"हा घरजावयाचा," मी म्हणाले. "उजव्या बाजूचा. मारणाऱ्याने डावा नेला, हा राहिला. यातलं वीर्य तपासलं. सुनबाईंनी घातलेलं जनुक यात आहे, आणि त्या लेकींचा बाप हाच. सुनबाई खऱ्या आहेत."

सुनेने डोळे मिटले. मुलगा खिडकीकडे बघत होता. मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. बरणीकडे वाकून बघत, अगदी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने, नणंद म्हणाली,

"उजवीकडे पण असतो?"

आपण काय बोललो हे तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

तरीही मी सगळं मांडलं, कारण मालकांना लेकीचं एक वाक्य पुरणार नव्हतं. सून खरी निघाली म्हणजे तिला पुरावा मारायचं कारणच नव्हतं. मुलाला कात्रीकडे बघवत नाही, तो पोटात हात काय घालणार. मालकांनी हे केलं असतं तर दोन्ही गोळे गेले असते. त्यांच्या हातून चिमूटभर राहत नाही, हे त्यांचंच बोलणं. उरलं असं एक माणूस, ज्याला कोंबडी आंधळेपणानेही उघडता येते, पण ज्याच्या शेडमध्ये कोंबडा कधी आलाच नाही. कोंबडीत अंडाशय दोन असतात, पण वाढतो फक्त डावा. उजवा गर्भातच सुकतो. हजारो कोंबड्या उघडणाऱ्या हाताला एवढंच ठाऊक की जे काही असतं ते डावीकडे. तो हात डावीकडे गेला, सापडलं ते घेतलं, आणि काम झालं असं समजून निघून गेला.



नणंदेने नाकारलं नाही. चोरलेलं तिने कुत्र्याला घातलं होतं. "वहिनी चोर ठरली असती तर एकटी गेली असती," ती म्हणाली. "तिला कामं आहेत, सुया आहेत. मला काय आहे? पोरीला अंघोळ मी घालते, तिचा ताप मी काढते. रात्री घाबरली की ती 'आई' म्हणत नाही, 'आत्या' म्हणते. विचारा वहिनीला."

सुनेने हे खोडून काढलं नाही. ते खरं होतं, आणि तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

मला नणंदेची दया आली. आली ती आली, लपवून काय उपयोग. पण एका बाईला चोर ठरवून तिची पोर काढून घ्यायला ती निघाली होती, हेही तितकंच खरं होतं.

६

मालकांनी मग सुनेपुढे हात जोडले. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, एरवी माझा विश्वास बसला नसता. घरची गोष्ट घरात राहू दे, कंपनीला नाव कळू देऊ नकोस, पोलीस नकोत, लेकीचं आयुष्य जाईल. सौदा तुझा, नात तुझी, काय हवं ते घे.

कंपनीला कोंबडा कोणी मारला याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना वीर्याचा निकाल हवा होता, तो मिळाला. माझ्या अहवालात नाव घालायचं की नाही हे सुनेवर होतं. तिने टेबलावरची बरणी बाजूला सरकवली. मग म्हणाली, नाव घालू नका. फक्त ताईंनी माझं एक काम करायचं.

"मुलगी तिकडे रोज आत्यासाठी रडेल," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "जेवणार नाही, झोपणार नाही, मला आई म्हणणार नाही. मला ते नकोय. ताई, तुम्ही तिला तुमच्या तोंडाने सांगायचं की तू मला नकोस. समजावून नाही, लाडाने नाही. तिला पटलं पाहिजे."

"ती लहान आहे गं," मालक म्हणाले.

"म्हणूनच पटेल."

नणंद वहिनीच्या पाया पडली. पोलिसांना बोलव, म्हणाली, मला आत टाक, पण हे बोलायला लावू नकोस. सुनेने पाय मागे घेतले. पोलीस आले तर मुलगी तुमच्यासाठी जास्तच रडेल, ती म्हणाली. मी अहवाल वेगळा लिहीन असं म्हणू शकले असते. मी म्हणाले नाही, कारण सून खरी होती, आणि खऱ्या माणसाला शिक्षा ठरवायचा हक्क असतो असं मला त्या क्षणी वाटलं. आता तसं वाटत नाही.

निघायच्या वेळी कंपनीची गाडी शेडच्या दाराशी लावलेली होती. पोरगी नवे बूट घालून आली आणि सवयीने आत्याच्या कमरेला बिलगली. नणंदेने तिचे हात सोडवले.

"तू जा आता," ती म्हणाली. "मला तुझा कंटाळा आलाय."

पोरगी हसली. आत्या गंमत करते हे तिला माहीत होतं. ती पुन्हा बिलगली. नणंदेने तिला ढकललं, जोरात, आणि पोरगी भुशावर बसली.

"कळत नाही का? मला तू कधीच आवडत नव्हतीस. तुझ्या आईला वेळ नव्हता म्हणून सांभाळली. आता सुटले मी. परत येऊ नकोस."

ते तिने चांगलं म्हटलं. कुठे अडखळली नाही. पोरगी आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, हसू येतंय का ते शोधत. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आजोबा जमिनीकडे बघत होते. "मी काय केलं?" तिने विचारलं. ती स्वतःच उठली, फ्रॉकचा भुसा झाडला आणि जाऊन आईचं बोट धरलं.

नणंद शेडमध्ये निघून गेली. आत कोंबड्या एकदम कलकलल्या, त्यामुळे दुसरं काही ऐकू आलं नाही. सुनेने मुलीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि तिच्या शेजारी बसली. गाडी फाटकापाशी जराशी थांबली. फाटकापासून शेडचं दार सरळ दिसतं. मी बघत होते, पोरगी वळते का म्हणून. ती वळली नाही. सुनेला हेच हवं होतं, आणि ते तिला मिळालं.